इंजिनखोलीतून नियंत्रणकक्षाकडे : माजी सैनिक आणि वीजकेंद्रातील नोकरी

औष्णिक वीजकेंद्राच्या परिसरात माजी सैनिक सहसा दोन ठिकाणी भेटतो. एक म्हणजे सुरक्षेच्या चौकीत, आणि दुसरे म्हणजे खाणीतून कोळसा आणणाऱ्या वाहतुकीत. संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील पुनर्वसन महासंचालनालय माजी सैनिकांच्या सुरक्षा संस्थांची शिफारस करते. कोळसा कंपन्यांसाठी भरणी आणि वाहतूक करणाऱ्या माजी सैनिकांच्या कंपन्याही याच महासंचालनालयाच्या योजनेतून उभ्या राहतात. महाराष्ट्रात राज्य सरकारचे माजी सैनिक महामंडळ, म्हणजे ‘मेस्को’, सुरक्षारक्षक पुरविण्याचे काम करते. मात्र जेथे बॉयलरचा दाब, टर्बाइनची गती आणि जनित्राचा भार यांवर अहोरात्र नजर ठेवली जाते, त्या नियंत्रणकक्षात माजी सैनिक विरळाच आढळतो.

त्याला यंत्रज्ञान नसते, असे याचे कारण सांगता येणार नाही. नौदलातील वाफेच्या जहाजावर पंधरा वर्षे काढलेला मेकॅनिक बॉयलर पेटविणे, पाण्याचे रसायन सांभाळणे, टर्बाइन तापवून फिरविणे, संघनकातील निर्वात टिकविणे हे सारे करून आलेला असतो. अडचण त्याच्या हातात नसून त्याच्या कागदांत असते. सैन्यातील अनुभव आणि नागरी कायद्याला हवे असलेले प्रमाणपत्र या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यातील अंतर वेळेत भरून काढणाऱ्याला वीजकेंद्राचे दार उघडते आणि इतरांना फाटकावरची नोकरी मिळते, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

दरवर्षी सुमारे ५५ ते ६० हजार सैनिक तिन्ही दलांतून निवृत्त होतात. त्यांपैकी बहुसंख्य जवान आणि खलाशी पस्तिशी-चाळिशीच्या आसपासचे असतात. निवृत्तिवेतन सुरू होते. पण मुले शाळेत असतात, घर बांधायचे असते आणि कामाची वीस-बावीस वर्षे शिल्लक असतात.

जहाजावरील वाफ आणि जमिनीवरील वाफ

सैन्यातून वीजकेंद्राकडे जाणाऱ्या वाटांपैकी सर्वांत सरळ वाट नौदलाच्या अभियांत्रिकी शाखेतून निघते. लोणावळ्याजवळील ‘आयएनएस शिवाजी’ हे नौदलाचे सागरी अभियांत्रिकीचे प्रमुख प्रशिक्षण केंद्र १५ फेब्रुवारी १९४५ रोजी सुरू झाले. विद्युत शाखेचे प्रशिक्षण जामनगरच्या ‘आयएनएस वलसुरा’ येथे होते. या दोन केंद्रांतून बाहेर पडलेल्या खलाशांनी ‘विक्रांत’, ‘विराट’ यांसारख्या विमानवाहू नौका आणि लिएंडर जातीच्या फ्रिगेटपासून ब्रह्मपुत्र वर्गापर्यंतच्या युद्धनौका वाफेवर चालविल्या. २०१३ मध्ये नौदलात आलेली ‘विक्रमादित्य’ ही नौकाही आठ बॉयलर आणि वाफेच्या टर्बाइनवर चालते. तिच्या यंत्रांची शक्ती सुमारे १ लाख ८० हजार अश्वशक्ती आहे. विजेच्या हिशेबात ती १३० मेगावॉटच्या पुढे जाते.

सिद्धांताच्या दृष्टीने जहाज आणि वीजकेंद्र यांत फरक नाही. पाणी तापवून वाफ करायची, ती टर्बाइनमधून सोडायची, संघनकात थंड करून पुन्हा पाणी करायचे आणि ते पाणी पंपाने बॉयलरला परत द्यायचे. जहाजावर टर्बाइनला मुख्यतः पंखा जोडलेला असतो, वीजकेंद्रात जनित्र. पाण्यातील विरघळलेला प्राणवायू काढून टाकला नाही तर नळ्या गंजतात आणि क्षार वाढले तर नळ्यांच्या आत थर बसतो, हे खलाशाला शिकवावे लागत नाही. समुद्राचे खारे पाणी संघनकातून गळून बॉयलरच्या पाण्यात मिसळले तर काय होते, हे तर किनाऱ्यावरच्या अनेक अभियंत्यांपेक्षा त्याला अधिक चांगले ठाऊक असते.

तरीही काही बाबी त्याला नव्याने शिकाव्या लागतात, आणि त्या गौण नाहीत.

पहिली बाब आकारमानाची. वाफेवरच्या फ्रिगेटची यंत्रे सुमारे ३० हजार अश्वशक्तीची, म्हणजे जेमतेम २२ मेगावॉटची असतात. लिएंडर जातीच्या नौकांच्या बॉयलरमधील दाब दर चौरस इंचाला ५५० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३९ किलोग्रॅमच्या आसपास होता. ५०० मेगावॉटच्या संचाला तासाला सुमारे १,६०० टन वाफ लागते. तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १७० किलोग्रॅमच्या घरात आणि तापमान ५४० अंश सेल्सियसच्या आसपास असते. कोराडी किंवा सोलापूर येथील ६६० मेगावॉटचे संच त्याहून पुढचे, म्हणजे अतिक्रांतिक आहेत. २२१ बारच्या वर गेल्यावर पाणी आणि वाफ यांतील सीमाच नाहीशी होते; त्यामुळे अशा बॉयलरला वाफ आणि पाणी वेगळे करणारा ड्रम नसतो. ज्या खलाशाची नजर वर्षानुवर्षे ड्रममधील पाण्याच्या पातळीवर खिळलेली होती, पातळी घसरली की नळ्या जळतील आणि चढली की टर्बाइनमध्ये पाणी जाईल या धास्तीत ज्याचे वॉच गेले, त्याला येथे ती पातळीच दिसत नाही. त्याऐवजी इंधन आणि पाणी यांचे प्रमाण क्षणोक्षणी जुळवावे लागते.

दुसरी बाब कोळशाची. नौदलाचे बॉयलर तेलावर चालतात. तेल पंपाने येते, जळते आणि मागे फारसे काही ठेवत नाही. भारतीय कोळशात मात्र राखेचे प्रमाण मोठे, बहुधा ३० ते ४५ टक्के असते. गिरण्यांत कोळशाचे पीठ करणे, ते गरम हवेने भट्टीत फुंकणे, भट्टीच्या भिंतींवर चिकटणारी राख झाडणे, तळाशी जमणारे राखेचे ढेकूळ फोडून बाहेर काढणे, धुराड्याकडे जाणाऱ्या वायूतील बारीक राख विद्युत-अवक्षेपकात पकडणे, हा सगळा व्याप जहाजावर नसतो. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशातील उंचाहार येथील ५०० मेगावॉटच्या नव्या संचात भट्टीच्या तळाशी राखेचे ढेकूळ साचले असताना तप्त वायू बाहेर फेकले गेले आणि ४० हून अधिक जण मृत्युमुखी पडले. वाफेचे ज्ञान असले तरी राखेचे ज्ञान वेगळे मिळवावे लागते, ते का, हे या दुर्घटनेवरून कळते. नौदलातून आलेल्या माणसाने पहिले सहा महिने नियंत्रणकक्षाऐवजी राख आणि कोळसा विभागात घालविले, तर ते त्याच्या हिताचेच ठरते.

तिसरी बाब जोडणीची. जहाज हे एक स्वतंत्र बेट असते. त्याची वीज त्याच्यापुरती आणि तिची चिंताही त्याच्यापुरती. वीजकेंद्र मात्र देशभराच्या वीजजाळ्याला जोडलेले असते. जाळ्याची वारंवारिता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्‌झ या पट्ट्यात राखावी लागते. महाराष्ट्रातील केंद्रांना कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्राकडून किती वीज द्यायची याच्या सूचना येतात, आणि ठरलेल्या वेळापत्रकापासून भरकटल्यास त्याचा आर्थिक भुर्दंड बसतो. कप्तानाच्या हुकमाची सवय असलेल्याला दूरवरच्या, कधी न भेटलेल्या भार नियंत्रकाच्या आकड्यानुसार पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशेबात यंत्र चालविणे सुरुवातीला चमत्कारिक वाटते.

कायद्याच्या नोंदवहीबाहेरची वाफ

प्रमाणपत्रांचा प्रश्न समजून घ्यायचा तर बॉयलरविषयक कायद्याकडे वळावे लागते. कोलकात्यात १८६३ साली बॉयलरचा स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी बंगालने बॉयलर तपासणीचा कायदा केला. निरनिराळ्या प्रांतांचे निरनिराळे कायदे पुढे १९२३च्या बॉयलर अधिनियमात एकत्र आले. हा अधिनियम शंभर वर्षांहून अधिक काळ लागू राहिला. २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा बॉयलर अधिनियम आणला असला, तरी जुन्या कायद्याचा सांगाडा त्यात मोठ्या प्रमाणात कायम आहे.

१९२३च्या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात, लष्कर, नौदल आणि हवाई दल यांच्या ताब्यातील बॉयलरना हा कायदा लागू होणार नाही, असे म्हटले होते. संरक्षणाच्या दृष्टीने ही सूट योग्यच होती. युद्धनौकेच्या बॉयलरची तपासणी राज्य सरकारच्या निरीक्षकाने करावी, हे शक्यही नव्हते. पण तिचा एक दूरचा परिणाम बहुधा कोणाच्या ध्यानी आला नसावा. नागरी बॉयलरला नोंदणी क्रमांक असतो. प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसणारा उमेदवार आपण कोणत्या बॉयलरवर, किती तापपृष्ठाच्या, किती काळ काम केले हे त्या क्रमांकानिशी सांगतो. युद्धनौकेचा बॉयलर या नोंदवहीत कधीच नव्हता. त्यामुळे पंधरा वर्षे वाफ सांभाळलेल्या खलाशाचा अनुभव नागरी यंत्रणेपुढे आला की, तो मोजायचा कसा, असा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाला महत्त्व आहे, कारण बॉयलर कोणाच्या हाती असावा हे नियमांनी ठरवून दिलेले आहे. लहान बॉयलरसाठी दुसऱ्या आणि पहिल्या वर्गाचे बॉयलर अटेंडंट प्रमाणपत्र लागते. १,००० चौरस मीटरहून अधिक तापपृष्ठाच्या बॉयलरसाठी बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरचे, म्हणजे बोलीभाषेतील ‘बीओई’चे, प्रमाणपत्र आवश्यक ठरते. या परीक्षेला अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका, ठरलेला अनुभव आणि लेखी-तोंडी चाचणी अशा पायऱ्या आहेत. महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालयाकडे आहे. वीज क्षेत्रासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम वेगळे आहेत. वीजकेंद्र चालविणाऱ्या अभियंता आणि पर्यवेक्षकाकडे संबंधित शाखेची पदवी अथवा पदविका, तंत्रज्ञाकडे आयटीआयचे प्रमाणपत्र आणि शिवाय विहित प्रशिक्षण असावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. विद्युत कामासाठी राज्याच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेचा तारतंत्री किंवा पर्यवेक्षक परवाना लागतो.

येथे माजी सैनिकांत पसरलेल्या एका गैरसमजाचा उल्लेख करायला हवा. दहावी उत्तीर्ण आणि किमान पंधरा वर्षे सेवा झालेला माजी सैनिक ‘क’ गटाच्या पदांसाठी पदवीधर समजला जातो, ही तरतूद खरी आहे. सेवामुक्त होताना मिळणाऱ्या त्या प्रमाणपत्रावर अनेकांचा भरवसा असतो. पण ही सवलत तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभव आवश्यक असलेल्या पदांना लागू नाही. ते प्रमाणपत्र लिपिकाच्या पदासाठी चालते, बॉयलरवर चालत नाही. महानिर्मितीच्या तंत्रज्ञ-३ या पदासाठी आयटीआय मागितले असेल, तर आयटीआयच किंवा त्याला अधिकृतपणे समकक्ष ठरलेले प्रमाणपत्र दाखवावे लागते. अर्ज छाननीत बाद झाल्यावरच हा फरक कळतो, असे पुष्कळांच्या बाबतीत घडते.

राखीव जागा

केंद्र सरकारच्या सार्वजनिक उपक्रमांत माजी सैनिकांसाठी ‘क’ गटात १४.५ टक्के आणि ‘ड’ गटात २४.५ टक्के जागा राखीव आहेत. यांत युद्धात अपंगत्व आलेले सैनिक आणि वीरगती प्राप्त झालेल्यांचे कुटुंबीय यांचा ४.५ टक्के वाटा धरलेला आहे. एनटीपीसी, एनएचपीसी, दामोदर खोरे महामंडळ, न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन ही सारी केंद्राच्याच अखत्यारीतील नावे आहेत. महाराष्ट्र राज्याच्या सेवांत माजी सैनिकांना समांतर आरक्षण आहे.

प्रत्यक्षात मात्र चित्र निराळे दिसते. पुनर्वसन महासंचालनालयाच्या ३० जून २०२१च्या आकडेवारीनुसार, माहिती देणाऱ्या ९४ केंद्रीय उपक्रमांतील ‘क’ गटाच्या एकूण मनुष्यबळात माजी सैनिक १.१५ टक्के होते आणि ‘ड’ गटात ०.३ टक्के. आरक्षण रिक्त पदांच्या भरतीवर लागू होते, एकूण मनुष्यबळावर नव्हे. त्यामुळे या आकड्यांची थेट तुलना काटेकोर ठरत नाही. तरीही १४.५ आणि १.१५ यांतील दरी केवळ हिशेबाच्या पद्धतीने भरून निघण्यासारखी नाही. पात्र उमेदवार मिळाला नाही, असे उपक्रमांचे म्हणणे असते. जाहिरातीतील पात्रता सैनिकी सेवेचा विचार न करता लिहिली जाते, असे माजी सैनिकांच्या संघटना म्हणतात. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. वीज क्षेत्रापुरते बोलायचे तर दोन्ही बाजू अखेर त्याच प्रमाणपत्राच्या मुद्द्यावर येऊन थांबतात.

वयाची अडचण मात्र समजली जाते तितकी मोठी नाही. प्रत्यक्ष वयातून सैनिकी सेवेची वर्षे वजा केली जातात, आणि उरलेले वय मर्यादेपेक्षा तीन वर्षांपर्यंत अधिक असले तरी चालते. समजा उमेदवार ३८ वर्षांचा आहे आणि त्याची सेवा १७ वर्षांची आहे. भरतीच्या दृष्टीने तो २१ वर्षांचा ठरतो. सेवेची मुदत संपायला एक वर्ष शिल्लक असतानाही अर्ज करता येतो. केंद्र सरकारी पदावर पुन्हा नेमणूक झाल्यास ५५ वर्षांच्या आत निवृत्त झालेल्या जवानाचे निवृत्तिवेतन वेतननिश्चितीत संपूर्णपणे दुर्लक्षित केले जाते. म्हणजे ते पगारातून कापले जात नाही.

आणखी एका नियमाकडे अनेकांचे लक्ष जात नाही. आरक्षणाचा लाभ घेऊन एकदा सरकारी नोकरीत रुजू झाले की माजी सैनिक म्हणून मिळणारा तो हक्क सामान्यतः संपतो. अपवाद २०१४च्या केंद्रीय आदेशाने केला आहे. पहिल्या नोकरीत रुजू होतानाच आपण इतर कोणकोणत्या पदांसाठी अर्ज केले आहेत याचे लेखी निवेदन दिले असेल, तर त्या पदांपुरता हक्क शाबूत राहतो. घाईघाईत मिळेल ती चौकीदारी पत्करलेला आणि हे निवेदन द्यायला विसरलेला तंत्रकुशल खलाशी वर्षभराने वीजकेंद्राची जाहिरात पाहतो, तेव्हा त्याच्या हाती फारसे काही उरलेले नसते.

साखर कारखान्याची पायरी

सैन्यातून थेट ६६० मेगावॉटच्या नियंत्रणकक्षात जाण्याचा हट्ट धरण्यापेक्षा मधली पायरी घेणे अधिक व्यवहार्य ठरते. महाराष्ट्रात ही पायरी साखर कारखान्यांच्या रूपाने उपलब्ध आहे. राज्यातील अनेक कारखाने उसाचे चिपाड जाळून सहवीजनिर्मिती करतात. त्यांचे बॉयलर दर चौरस सेंटिमीटरला ६७ ते ११० किलोग्रॅम दाबाचे आणि टर्बाइन बहुधा २० ते ४० मेगावॉटच्या असतात. फ्रिगेटच्या २२ मेगावॉटशी याची तुलना केली की साम्य उघड होते. नौदलाच्या वाफेच्या यंत्रांना जमिनीवर सर्वांत जवळचे यंत्र कोणते असेल, तर ते कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यातील सहवीज केंद्रात सापडते. पोलाद, सिमेंट, कागद आणि रसायन उद्योगांतील स्वतःची वीजकेंद्रेही याच आकाराची असतात.

येथे दोन गोष्टी एकाच वेळी साधतात. नोंदणी क्रमांक असलेल्या बॉयलरवरचा अनुभव जमू लागतो आणि पहिल्या वर्गाच्या अटेंडंट परीक्षेची किंवा पदविका असल्यास बीओईची वाट मोकळी होते. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. उरलेल्या महिन्यांत देखभाल असते, आणि बॉयलर उघडून आतून पाहण्याची संधी त्याच काळात मिळते. तोटेही आहेत. पगार मोठ्या वीज कंपन्यांच्या तुलनेत कमी असतो, काही ठिकाणी हंगामी नेमणूक होते आणि ओल्या चिपाडाची आग तेलाच्या आगीसारखी शहाण्यासारखी वागत नाही.

वीज क्षेत्राचे औपचारिक प्रशिक्षण घ्यायचे असेल, तर राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्था हा मुख्य मार्ग आहे. फरीदाबाद येथे मुख्यालय असलेल्या या संस्थेची नागपूर, नेयवेली, दुर्गापूर, बदरपूर आदी ठिकाणी केंद्रे आहेत. मोठ्या संचाच्या नियंत्रणकक्षाची हुबेहूब प्रतिकृती, म्हणजे सिम्युलेटर, येथे असतो. त्यावर संच सुरू करणे, बंद करणे आणि बिघाड हाताळणे यांचा सराव प्रत्यक्ष यंत्राला धोका न पोहोचविता करता येतो. नागपूरचे केंद्र विदर्भातील कोराडी, खापरखेडा, मौदा आणि चंद्रपूर या केंद्रांच्या जवळ आहे, हा मराठी उमेदवारांसाठी एक फायदा.

नौदलाव्यतिरिक्तही वाटा आहेत. भूदलाची इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स ही कोअर १९४३ साली स्थापन झाली. तिचे तंत्रज्ञ डिझेल जनित्रे, नियंत्रण उपकरणे आणि जड वाहनांची दुरुस्ती यांत तयार झालेले असतात. खडकीच्या बॉम्बे सॅपर्ससह इंजिनिअर रेजिमेंटांतून येणाऱ्यांना विद्युत वितरण आणि पंपांचा अनुभव असतो. त्यांच्यासाठी बॉयलरपेक्षा उपकेंद्र, मापन-नियंत्रण विभाग किंवा राख आणि कोळसा हाताळणीतील यांत्रिक देखभाल अधिक सोयीची ठरते. हवाई दलातील इंजिन फिटरचे नाते गॅस टर्बाइनशी जवळचे आहे, कारण जेट इंजिन आणि वायुजन्य टर्बाइन एकाच कुळातील यंत्रे आहेत.

वॉच आणि पाळी

जहाजावर बहुधा चार तासांचे वॉच असते आणि संध्याकाळी दोन-दोन तासांची दोन छोटी वॉच ठेवून रोजचा क्रम फिरता केला जातो. वीजकेंद्रात आठ तासांच्या तीन पाळ्या असतात. पाळी बदलताना मागच्या पाळीने पुढच्या पाळीला यंत्रांची स्थिती समजावून सांगणे, नोंदवहीत दर तासाचे आकडे लिहिणे, दुरुस्तीसाठी यंत्र बंद करताना परमिट काढून विद्युतपुरवठा तोडणे आणि कुलूप लावणे, या साऱ्या शिस्तीत माजी सैनिक नागरी सहकाऱ्यांपेक्षा पुढे असतो. वीज कंपन्यांचे अनुभवी पाळी अभियंते याची दखल घेतात.

अडचण दुसऱ्या बाजूने येते. वीजकेंद्रात दरजाच्या उतरंडीपेक्षा नियमांची उतरंड महत्त्वाची असते. कंत्राटी कामगार, कामगार संघटना, परवाना, विमा, निविदा यांची भाषा सैन्यात नसते. हुकूम सुटला की काम झाले, असे येथे होत नाही. कनिष्ठ चालकालाही धोका दिसला तर संच तात्काळ बंद करण्याचा अधिकार असतो आणि त्याने तो वापरावा अशीच अपेक्षा असते. वरिष्ठाच्या परवानगीसाठी थांबणे येथे गुण मानला जात नाही. नोंदवहीतील खाडाखोड, सहीची वेळ, आकड्यांतील तफावत यांना चौकशीत पुराव्याचे मोल येते, हेही रुजू होणाऱ्याने ध्यानात ठेवायला हवे.

अमेरिकेची वाट

लष्करी यंत्रज्ञान नागरी वीजकेंद्रांत नेण्याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतील आहे. ॲडमिरल हायमन रिकोव्हर यांच्या नेतृत्वाखाली नौदलाने अणुशक्तीवर चालणारी ‘नॉटिलस’ ही पाणबुडी १९५५ मध्ये समुद्रात नेली. त्यांच्याच देखरेखीखाली पेनसिल्व्हानियातील शिपिंगपोर्ट येथे ६० मेगावॉटचे अणुवीज केंद्र डिसेंबर १९५७ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून अणुपाणबुड्यांवरील खलाशी हा तेथील अणुवीज उद्योगाचा मनुष्यबळाचा मोठा स्रोत राहिला. तरीही त्यांना परवाना आयता मिळत नाही. नौदलातील अनुभव पात्रतेत धरला जातो. पण ज्या केंद्रात काम करायचे, त्याच केंद्राचे प्रशिक्षण, त्याच्याच सिम्युलेटरवरील चाचणी आणि नियामक आयोगाची परीक्षा टळत नाही. अनुभवाची गणना कशी करायची, हे लिहून ठेवलेले असल्यामुळे खलाशाला पाणबुडीवर असतानाच आपल्या पुढच्या वाटेचा अंदाज येतो.

भारतात अशी वाट तयार झालेली नाही. तारापूर येथे १९६९ मध्ये अणुवीज निर्मिती सुरू झाली, तर ‘अरिहंत’ ही अणुपाणबुडी नौदलात २०१६ मध्ये आली. म्हणजे क्रम अमेरिकेच्या उलट आहे. येथील अणुवीज केंद्रांनी आपले चालक सुरुवातीपासून स्वतःच्या प्रशिक्षण केंद्रांत, तरुण उमेदवारांतून घडविले. त्यामुळे भारतात सैन्यातून वीजकेंद्रात येण्याचा विषय प्रामुख्याने वाफ, डिझेल आणि गॅस टर्बाइन यांचाच राहिला आहे.

निवृत्तीपूर्वीची दोन वर्षे

संक्रमणाची खरी वेळ निवृत्तीनंतर येत नाही, ती सेवेच्या अखेरच्या दोन वर्षांत असते. पुनर्वसन महासंचालनालयाचे प्रशिक्षण अभ्यासक्रम याच काळात उपलब्ध होतात. सुरक्षा व्यवस्थापन आणि संगणक यांच्या अभ्यासक्रमांना मोठी गर्दी होते. वीज क्षेत्रातील अभ्यासक्रम कठीण वाटतात आणि मागे पडतात.

याच काळात कागदपत्रेही नीट करून घ्यावी लागतात. सेवापुस्तिकेत केवळ जहाजाचे नाव आणि हुद्दा असून भागत नाही. कोणत्या प्रकारच्या बॉयलरवर किंवा टर्बाइनवर, किती दाबाच्या, किती काळ काम केले आणि स्वतंत्रपणे वॉच सांभाळण्याची पात्रता कधी मिळाली, याचा तपशील सक्षम अधिकाऱ्याच्या सहीने घेणे आवश्यक असते. सैनिकी ट्रेडची नागरी ट्रेडशी समकक्षता दाखविणारे कागद, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील नोंदणी आणि शक्य असेल तर पदविकेचा अभ्यास हे सारे गणवेश अंगावर असतानाच सोपे जाते. जहाज सेवामुक्त होऊन भंगारात गेल्यावर त्याच्या बॉयलरचा तपशील प्रमाणित करणारा अधिकारी शोधणे किती अवघड जाते, हे ‘विराट’सारख्या जुन्या नौकांवर काम केलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

वाफेच्या या वाटेला आता काळाची मर्यादाही पडत आहे. वाफेवर चालणाऱ्या ब्रह्मपुत्र वर्गातील ‘आयएनएस बियास’ डिझेलवर आणण्याचा करार संरक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये कोचीन शिपयार्डशी सुमारे ३१३ कोटी रुपयांना केला. वाफेवरून डिझेलवर येणारी ती त्या वर्गातील पहिली फ्रिगेट आहे. २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेली नवी ‘विक्रांत’ चार एलएम-२५०० गॅस टर्बाइनवर चालते; त्यांची एकूण शक्ती ८८ मेगावॉट आहे. अग्निपथ योजनेखाली भरती झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षांची मुदत २०२६च्या अखेरीपासून संपू लागते. त्यांपैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्के सेवेत कायम राहतील. उरलेले तरुण विशीच्या पहिल्या टप्प्यातच बाहेर पडतील. त्यांच्याकडे वय असेल, पण पंधरा वर्षांच्या वॉचचा अनुभव नसेल.

त्यांच्यातील यंत्रविभागाचे तरुण गॅस टर्बाइन आणि डिझेल घेऊन किनाऱ्यावर येतील. उरणचे ६७२ मेगावॉटचे वायुविद्युत केंद्र किंवा दाभोळचा प्रकल्प ही त्यांच्या कौशल्याला जुळणारी ठिकाणे आहेत. मात्र देशातील वायुआधारित क्षमतेचा मोठा भाग स्वस्त गॅसअभावी वर्षातील बराच काळ बंद किंवा अर्ध्या भाराने चालतो, त्यामुळे तेथे नव्या चालकांची मागणी मर्यादित आहे. कोळशावरील संचांना मनुष्यबळ हवे आहे आणि तेथे वाफच लागते. त्यामुळे नव्या खलाशाला जहाजावर न शिकलेली वाफ आयटीआय, पदविका आणि राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्थेच्या वर्गांत बसून नव्याने शिकावी लागणार आहे.